ओएच गटाचा माग : देवबागच्या किनाऱ्यावरच्या प्रकल्प नोंदी

४ जुलै

दहावीच्या कार्बनी संयुगांच्या प्रकरणात आधी अल्कोहोल येते, काही पानांनी बहुवारिके, म्हणजे लहान रेणू जोडून झालेल्या लांब साखळ्या, येतात, आणि मुले त्यांची दोन वेगळी उत्तरे पाठ करतात. एकात इथेनॉलचे गुणधर्म, दुसऱ्यात पॉलिथिनचे उपयोग. या दोन्हींना जोडणारा धागा पानावर असूनही कोणाला दिसत नाही. तो धागा म्हणजे हायड्रॉक्सिल गट, एका ऑक्सिजनला चिकटलेला एक हायड्रोजन, मुलांच्या भाषेत ‘ओएच’. यंदाच्या प्रकल्पाला तोच घ्यायचा ठरवला.

आज फळ्यावर दोन नावे लिहिली : प्रोपेन आणि इथेनॉल. रेणुवस्तुमान ४४ आणि ४६, म्हणजे वजनाला जवळपास सारखेच. पण प्रोपेन उणे ४२ अंशाला उकळतो आणि इथेनॉल ७८ अंशाला. एवढा फरक कशामुळे, हे मुलांनीच शोधायचे. एक मुलगी म्हणाली, “बाई, इथेनॉलात ऑक्सिजन आहे.” बरोबर, पण नुसता ऑक्सिजन असून भागत नाही. डायमिथाइल ईथर हाही ४६ वस्तुमानाचा, अणूही तेच आणि तेवढेच, तरी तो उणे २४ अंशाला उकळतो. ऑक्सिजनला हायड्रोजन चिकटलेला असेल तरच एका रेणूचा हायड्रोजन शेजारच्या रेणूच्या ऑक्सिजनकडे ओढला जातो. हाच हायड्रोजन बंध. तो सोडवायला उष्णता खर्च करावी लागते.

मग मेथॅनॉल, इथेनॉल, प्रोपॅनॉल, ब्युटॅनॉल ही श्रेणी. पहिले तिघे पाण्यात कितीही मिसळा, मिसळतात. ब्युटॅनॉल १०० मिलि पाण्यात ८ ग्रॅमच्या आसपासच विरघळतो, ऑक्टॅनॉल जवळजवळ नाहीच. शेवटी ओएच एकच, पण मागची कार्बनची साखळी लांबत जाते आणि पाण्याला ती परकी वाटते. इथूनच प्रकल्पाचा प्रश्न निघाला : साखळी हजारो कार्बनांची असेल आणि तिच्यावर ओएच एकही नसेल, किंवा दर दुसऱ्या कार्बनावर असेल, तर पाणी तिच्याशी कसे वागेल?

७ जुलै

द्रवांची जमवाजमव. मुलांच्या हाती द्यायला आयसोप्रोपिल अल्कोहोल घेतले. मालवणात मोबाइल दुरुस्त करणारे सर्किट पुसायला तेच वापरतात, त्यामुळे सहज मिळाले. प्रोपॅनॉलचाच हा भाऊ, फक्त ओएच मधल्या कार्बनावर.

मेथॅनॉल प्रयोगशाळेत आणायचे नाही, हा नियम पहिल्याच दिवशी वहीत लिहून घेतला. ते दिसायला इथेनॉलसारखेच. पण शरीरात गेल्यावर यकृत त्याचे फॉर्माल्डिहाइड आणि पुढे फॉर्मिक आम्ल करते. दृष्टी जाते, जीवही जातो. रंगकामाचे डिनेचर्ड स्पिरिटही याच कारणासाठी बाद. त्यात मेथॅनॉल असू शकते. आयसोप्रोपिल अल्कोहोलही प्यायचे नाही, आणि त्याची वाफ पेट घेते. बर्नर चालू असेल त्या टेबलावर बाटली उघडायची नाही, खिडक्या उघड्या ठेवायच्या. पावसात खिडक्या उघड्या ठेवल्या की वह्या भिजतात. वह्या मागच्या बाकावर हलवल्या.

१० जुलै

५० मिलि पाणी, ५० मिलि आयसोप्रोपिल अल्कोहोल, एकाच मोजपात्रात. मिश्रण ९७ मिलिच्या आसपास भरले. मुलांना आधी वाटले सांडले, मग वाटले उडून गेले. तराजूवर वजन मात्र दोन्ही वजनांच्या बेरजेइतकेच. वस्तुमान तेवढेच राहिले, जागा कमी लागली. पाण्याचे आणि अल्कोहोलचे रेणू हायड्रोजन बंधांनी एकमेकांत नव्याने मांडले गेले, ते वेगवेगळे असताना होते त्याहून दाटीने बसले.

वजन भागिले आकारमान करून घनता काढली : ०.९२. आकडा फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवला आहे, पुसू नये असे वर्गाला सांगितले. पुढे लागणार आहे.

ग्लिसरिनची बाटलीही फिरवली. तीन कार्बन, तीन ओएच, उत्कलनांक २९०. बाटली तिरकी केली की द्रव किती सावकाश सरकतो, ते पाहूनच मुलांना कळले.

१५ जुलै

मासेमारी बंद आहे. १ जून ते ३१ जुलै हा बंदीचा काळ, त्यामुळे होड्या वर ओढून झाकलेल्या आणि पडवीपडवीत जाळी दुरुस्त करायचे काम चाललेले. गटातल्या एका मुलीच्या आजोबांकडे गेलो. ते तंगूसच्या जाळ्याचे फाटलेले डोळे भरत होते. मुलांनी विचारले, आजोबा, पूर्वी कसली जाळी असायची?

“आमच्या येळार सगळी सुताची जाळी. येवन पयली गोड्या पाण्यान धुवची, मगे सुकत घालूची. नाय तर कुजान जायत.”

सूत टिकावे म्हणून झाडाच्या सालीच्या काढ्यात जाळी बुडवून काढत, हेही त्यांनी सांगितले. सालीतले टॅनिन धाग्यात मुरते आणि जिवाणूंना तो धागा पचवणे जड जाते. आमच्या पुस्तकात हे नाही, पण रसायनशास्त्र अस्सल आहे.

सूत म्हणजे सेल्युलोज, ग्लुकोजच्या कड्यांची लांबच लांब साखळी. प्रत्येक कड्यावर तीन ओएच. पाणी आत शिरते, धागा फुगतो, आणि पाण्याबरोबर जिवाणूही येतात. त्यांची विकरे साखळी तोडून पुन्हा ग्लुकोज करतात. त्या माणसांचे रोजचे धुणे-सुकवणे या ओएच गटांमुळेच होते, असे मी मुलांना सांगितले तेव्हा आजोबाही हातातली सुई थांबवून ऐकत होते.

तंगूस म्हणजे नायलॉन. वॉलेस कॅरोदर्स यांनी १९३५ साली अमेरिकेत पहिल्यांदा बनवले. त्यात ओएच नाही, पण अमाइड गट आहे, नायट्रोजनला चिकटलेला हायड्रोजन आहे. म्हणून तो थोडे पाणी घेतो, भिजला की किंचित लवचीक होतो, पण त्याची साखळी पचवणारे जिवाणू समुद्रात सहज भेटत नाहीत. तो कुजत नाही. समुद्रात तुटून हरवलेले जाळे म्हणूनच मासे धरत राहते, कासवांनाही गुंतवते. सुताचे हरवलेले जाळे काही महिन्यांत निकामी व्हायचे. ओएच गटांचा हा गुण आपण गमावला, असे मला वाटते, आणि ते मी मुलांपासून लपवले नाही.

१९ जुलै

तपासणी. सुती दोरी, तंगूस आणि डॅनलाइन दोर यांचे सारख्या लांबीचे तुकडे दोन दिवस पावसाळी हवेत टांगले, वजन केले, मग दिव्याच्या उबेच्या खोक्यात सुकवून पुन्हा वजन केले. सुताचे वजन दहाव्या हिश्शाहून जास्त घटले. तंगूसचे थोडेसेच. डॅनलाइन, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, जवळजवळ होते तेवढेच. ओएच, अमाइड, काहीच नाही : पाणी धरण्याची शक्ती त्याच क्रमाने उतरत गेली.

काथ्याचा तुकडाही टांगला होता. त्यातही सेल्युलोज आहे, मग खाडीच्या पाण्यात महिनोन् महिने भिजवलेल्या सोडणाचा (नारळाच्या सालीचा) काथ्या कुजत का नाही, असा प्रश्न आला. काथ्यात लिग्निन भरपूर असते. तेही बहुवारिक, पण वेडेवाकडे, बेन्झीनच्या कड्यांचे, आणि जिवाणूंना तोडायला फार अवघड. सोडण भिजवताना कुजतो तो तंतूंना जोडणारा मऊ गर. तंतू मोकळे होतात आणि टिकतात.

२६ जुलै

मोठ्या भरतीनंतर किनाऱ्यावर गेलो. कर्ली खाडीचे मुख आणि समुद्र यांच्या मधल्या पट्टीवर पावसाळ्यात दोन्हीकडचे येऊन पडते : नदीने आणलेले आणि समुद्राने परत फेकलेले. भरतीच्या रेषेवरून पिशव्या भरल्या. बाटल्यांची झाकणे, दोरांचे तुकडे, दुधाच्या पिशव्या, थर्माकोलचे गोळे, चमचे, तुटके डबे. हातमोजे सगळ्यांना होते. काच आणि औषधांच्या सुया दिसल्यास हात लावायचा नाही, मला बोलवायचे, असे ठरले होते. पाऊस आल्यावर परतलो.

२ ऑगस्ट

आजचा दिवस या प्रकल्पाचा सगळ्यात मोलाचा.

थर्माकोल सोडून प्रत्येक वस्तूचा नखाएवढा तुकडा कापून, धुऊन, खुणेसाठी वेगवेगळ्या आकारात कातरला. उंच चंचुपात्रात निव्वळ आयसोप्रोपिल अल्कोहोल घेतले. घनता ०.७९. सगळे तुकडे तळाला. मग ड्रॉपरने थोडे थोडे पाणी घालायचे, ढवळायचे, वाट पाहायची. पाणी वाढते तशी घनता वाढते, आणि ज्याची घनता मिश्रणाहून कमी झाली तो तुकडा वर येतो.

पहिला वर आला डॅनलाइनचा तुकडा. पॉलिप्रॉपिलीन, घनता ०.९०च्या आसपास. फळ्यावरच्या ०.९२ या आकड्याजवळ दुधाच्या पिशवीचा तुकडा ना वर ना खाली, मध्येच रेंगाळला. कमी घनतेचे पॉलिथिन. बरेच पाणी घातल्यावर काही झाकणे उचलली : जास्त घनतेचे पॉलिथिन, ०.९५. झाकणांतही दोन जाती निघाल्या. काही डॅनलाइनबरोबरच वर आली होती.

मध्येच एक अडचण आली. पाणी मिसळताना विरघळलेली हवा बारीक बुडबुड्यांनी बाहेर येते आणि बुडबुडे तुकड्यांना चिकटून त्यांना खोटेच वर नेतात. एका मुलाच्या हे लक्षात आले. त्याने काचेच्या कांडीने तुकड्याला टिचकी मारली, बुडबुडे सुटले, तुकडा खाली गेला. आता प्रत्येक नोंदीआधी टिचकी मारायची.

पॉलिथिन दोन प्रकारचे का, हा पुढचा प्रश्न, आणि इथे इतिहास सांगावाच लागतो. १९३३ साली इंग्लंडमध्ये आयसीआय कंपनीच्या प्रयोगशाळेत प्रचंड दाबाखाली इथिलीनचे पॉलिथिन झाले. त्या दाबात बनलेल्या साखळीला ठिकठिकाणी फांद्या फुटतात, म्हणून साखळ्या जवळ बसत नाहीत आणि घनता कमी राहते. १९५३ साली जर्मनीत कार्ल झिगलर यांनी असे उत्प्रेरक शोधले की कमी दाबाखाली सरळ साखळ्या तयार झाल्या. त्या दाटीने बसतात, पदार्थ कडक आणि जड होतो. त्याच वाटेने इटलीत जुलिओ नाट्टा यांनी पॉलिप्रॉपिलीन नीट मांडणीत बांधले. दोघांना १९६३चे नोबेल मिळाले. पॉलिथिनचे एकच एकवारिक (साखळीची सुटी कडी, इथे इथिलीन), दोन मांडण्या, आणि आमच्या चंचुपात्रात तो फरक डोळ्यांना दिसतो.

उरलेले तुकडे साध्या पाण्यातही बुडाले. त्यांच्यासाठी मिठाचे द्रावण. मीठ वाढवत नेले तसा आधी चमच्याचा पॉलिस्टायरीनचा तुकडा (१.०५) वर आला, मग तंगूस (१.१४). पाण्याच्या बाटलीचा पीईटी संपृक्त द्रावणातही तळालाच राहिला. त्याची घनता १.३८, आणि संपृक्त मीठपाण्याची १.२.

समुद्राच्या पाण्याची घनता १.०२५ धरली तर काय कळते? मुलांनी स्वतः काढलेले अनुमान वहीत जसेच्या तसे उतरवते : भरतीच्या रेषेवर मिळते ते समुद्रातले सगळे प्लास्टिक नव्हे, तरंगणारे तेवढेच. हरवलेले तंगूस, बाटल्यांचे तुकडे, पीव्हीसी हे तळाशी आहेत, आपल्याला ते दिसत नाहीत. झाकण लावलेली रिकामी बाटली तरंगत येते ती आतल्या हवेमुळे.

८ ऑगस्ट

नारळी पौर्णिमा. प्रयोग नाही. गटातले निम्मे घरच्यांबरोबर दर्याला नारळ द्यायला.

१४ ऑगस्ट

अल्कोहोल आणि बहुवारिक एकाच पदार्थात. पॉलिव्हिनाइल अल्कोहोल : पॉलिथिनचाच कणा, पण दर दुसऱ्या कार्बनावर ओएच. ४ जुलैच्या प्रश्नाचे उत्तर.

पावडर थंड पाण्यात टाकली तर नुसती फुगून बसली. मुलांचा हिरमोड झाला, कारण विरघळणार असे सगळ्यांनी भाकीत केले होते. पण यातच खरी गंमत आहे. ओएच गट पाण्याला जसे धरतात तसे एकमेकांनाही धरतात. शेजारशेजारच्या साखळ्या एकमेकींना बांधून बसल्या की पाण्याला आत शिरायला वाव राहत नाही. ८५ ते ९० अंशापर्यंत तापवत ढवळत राहिलो, तेव्हा ती पकड सुटली आणि स्वच्छ, चिकट द्रावण झाले. सुती कापड पाण्यात का विरघळत नाही, हेही इथेच कळते. तिथे साखळ्या आणखी ताठ आणि आणखी घट्ट बांधलेल्या. आणि तांदळाचा स्टार्च? तोही ग्लुकोजचाच, पण त्याच्या साखळ्या वळलेल्या, सैल. म्हणून उकळत्या पाण्यात त्याची पेज होते आणि सुताची होत नाही.

द्रावण चिकट का होते? लांब रेणू शिरवाळ्यांसारखे एकमेकांत गुंततात, एक ओढला की दहा हलतात. रेणू इतके लांब असू शकतात हेच मुळात कोणी मानत नव्हते. हेर्मान श्टाउडिंगर यांनी १९२०मध्ये ते मांडले, तेव्हा बहुतेक रसायनशास्त्रज्ञांचे म्हणणे होते की हे लहान रेणूंचे नुसते पुंजके आहेत. ते मागे हटले नाहीत. नोबेल १९५३मध्ये मिळाले, वयाच्या बहात्तराव्या वर्षी.

मग टाकणखाराचे द्रावण त्यात ओतले. काही क्षणांत सगळे मिळून एक लिबलिबीत गोळा झाला. टाकणखारातला बोरेट आयन एका साखळीचे दोन ओएच आणि दुसरीचे दोन ओएच धरून त्या जोडतो. हे बंध सुटतात आणि पुन्हा जुळतात, म्हणून गोळा सावकाश ओढला तर ताणतो, झटका दिला तर तुटतो. लिंबू पिळल्यावर पुन्हा पातळ झाला, कारण आम्लात बोरेटचे रूप बदलते. खेळून झाल्यावर साबणाने हात धुतलेले मी एकेकाचे पाहिले.

एका मुलाने विचारले, मग व्हिनाइल अल्कोहोल नावाचे एकवारिक कसे दिसते? ते बाटलीत भरून ठेवताच येत नाही. तयार झाले की लगेच त्याचे ॲसिटाल्डिहाइड होते. म्हणून आधी व्हिनाइल ॲसिटेटचे बहुवारिक करायचे (फेव्हिकॉलमधला पांढरा पदार्थ तोच) आणि मग ॲसिटेट गट काढून तिथे ओएच आणायचे. जर्मनीत १९२४ साली हे जमले. साखळी आधी, अल्कोहोल नंतर. निसर्गाने सरळ वाट बंद केल्यावर काढलेली ही आडवाट मला फार सुंदर वाटते.

आणि आजोबांच्या जाळ्याकडे परत जाणारी गोष्ट : १९३९ साली क्योतोमध्ये इचिरो साकुरादा आणि री सुंग-गी यांनी याच पाण्यात विरघळणाऱ्या पदार्थाचा धागा काढला, तो तापवून साखळ्या दाट बसवल्या आणि फॉर्माल्डिहाइडने त्यातले काही ओएच बांधून टाकले. धागा पाण्यात टिकू लागला. त्याचे नाव विनायलॉन. जपानमध्ये त्याची मासेमारीची जाळी आणि दोर झाले. किती ओएच मोकळे ठेवायचे आणि किती बांधायचे, एवढ्यावर विरघळणारा चिकट पदार्थ की समुद्रात टिकणारे जाळे हे ठरते.

२५ ऑगस्ट

गणपतीच्या सुट्टीआधीचा शेवटचा तास. जुन्या मखराचा थर्माकोल आणला होता. तेही पॉलिस्टायरीनच, पण बहुतेक सगळी हवा. ॲसिटोनचे थोडे थेंब टाकले तर तो बसत गेला आणि तळाला चिकट थर उरला. त्याच थेंबांनी पॉलिथिनला काहीच झाले नाही. राज्यात २०१८पासून थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आहे. यंदा घरी कापडाचे किंवा बांबूचे मखर करणार असे बऱ्याच जणांनी सांगितले.

१० सप्टेंबर

दोडामार्गच्या नातेवाइकांकडून एकाने रबराची शीट आणली. झाडाच्या चिकात फॉर्मिक आम्ल घालून ती गोठवतात. मेथॅनॉलच्या नोंदीतलेच ते आम्ल. आयसोप्रीनचे नैसर्गिक बहुवारिक, ओएच नाही, म्हणून चिकातल्या पाण्यापासून वेगळे होऊन बसते. पाणी आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या समसमान मिश्रणात तुकडा दुधाच्या पिशवीशेजारीच रेंगाळला.

१८ सप्टेंबर

किनाऱ्यावर सापडलेला जुना डॅनलाइन दोर चोळला की हातावर पांढरी-निळी पूड येते. पॉलिप्रॉपिलीनच्या साखळीत दर दुसऱ्या कार्बनाला एक मिथाइल गट असतो. त्या कार्बनावरचा हायड्रोजन उन्हातल्या अतिनील किरणांनी आणि हवेतल्या ऑक्सिजनने सहज निघतो आणि साखळी तिथेच तुटते. तुटलेल्या टोकांवर ऑक्सिजनचे गट येतात, त्यांत थोडे ओएचही. पाण्याला नको असलेल्या साखळीवर ऊन हळूहळू तेच गट लावते, पण तोवर तिचे सूक्ष्म तुकडे वाळूत आणि माशांच्या पोटात गेलेले असतात. एका मुलीने ही पूड पाण्याच्या पेल्यात टाकली. ती तरंगली. नवा दोर उन्हात आणि सावलीत बांधून ठेवला आहे.

४ ऑक्टोबर

तालुका प्रदर्शनासाठी फलक. तीन रांगा : ओएच भरपूर, थोडे, नाहीत. प्रत्येक रांगेत किनाऱ्यावरची किंवा घरातली खरी वस्तू, शेजारी तिची घनता आणि पाण्यात ती कशी वागली ते. चंचुपात्राला घट्ट झाकण हवे, नाहीतर अल्कोहोल उडते, घनता बदलते आणि दुधाची पिशवी वर येऊन बसते.

पीईटी कुठल्या रांगेत ठेवायचे यावर वाद झाला. ते इथिलीन ग्लायकॉलपासून बनते, आणि ग्लायकॉलवर दोन ओएच असतात. मग ते पहिल्या रांगेत नको का? दुसऱ्या मुलीने उत्तर दिले : ते ओएच आम्लाशी जुळून ईस्टर झाले, पाणी बाहेर पडले, साखळीच्या टोकांवर असतील तेवढेच उरले. म्हणून शेवटच्या रांगेत. बरोबर. पण मग पाण्याने तो ईस्टर पुन्हा तुटायला हवा, असे पहिलीचे म्हणणे, आणि तेही बरोबर. थंड पाण्यात हे इतके सावकाश होते की दिसत नाही. अल्कलीने वेग वाढतो. बाटलीची एक पट्टी वजन करून कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात बुडवली आहे. द्रावण मी केले, चष्मा आणि हातमोजे घालून, आणि पात्र कुलपातल्या कपाटात आहे. दिवाळीच्या सुट्टीनंतर धुऊन, सुकवून पुन्हा वजन करायचे.